हेड बदलायच्या आधी एवढं वाचा: अडकलेले, तुटलेले स्टड आणि तुमचे प्रश्न

पावसाळा संपला की या सदराकडे एकाच जातीची पत्रं येतात, नट निघत नाही, निघता निघता स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला बिनडोक्याचा बोल्ट) मोडला, मेकॅनिक म्हणतो आता अख्खा पार्टच बदला. या वेळी इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, गिअर ऑइलवाल्यांनी रागावू नये. नावं मुद्दाम छापत नाही, कारण दोघा-तिघांनी आपल्याच गॅरेजवाल्याची तक्रार केलीय आणि त्यांना उद्या परत तिथेच जायचंय.

प्रश्न: नमस्कार सर, माझी १२५ सीसीची जुनी कार्ब्युरेटरवाली बाईक आहे, रोज समुद्राकाठच्या रस्त्याने जातो. सायलेन्सरचं गॅस्केट बदलायला काढलं तर इंजिनजवळचा एक नट निघाला, दुसरा फिरवताना स्टडच तुटला. साधारण पाव इंच बाहेर राहिलाय. गॅरेजवाला म्हणतो आत ड्रिल मारून इझी-आउट (तुटलेल्या तुकड्याच्या भोकात घालून उलटं फिरवायचं हत्यार) लावतो, नाही निघालं तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) बदलायचं. काय करू? (गुहागर)

उत्तर: त्याला ड्रिल मारू देऊ नका. निदान आत्ता तरी नको. पाव इंच म्हणजे सहा एमएम, एवढा स्टड बाहेर असताना त्याच्या पोटात भोक पाडायचं काही कारणच नाही, ते सगळे उपाय थकल्यावरचं काम आहे.

आधी तो अडकलाय कशाने ते बघा. तुमचं हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादाचा, वरून खारी हवा, पावसाचं पाणी आणि रोज तापणं-गार होणं. असे दोन वेगळे धातू ओल्या मिठात एकमेकांना चिकटून बसले की त्यातलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी पूड तयार होते, नट काढताना दिसली असेल तुम्हाला. ही पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे आट्यांमधली होती-नव्हती फट ठासून भरते. म्हणजे स्टड कुणीतरी जास्त घट्ट केलाय म्हणून अडकलेला नाही, तो आत ठासला गेलाय, आणि नुसता जोर लावला की तो फिरण्याऐवजी पिळला जातो आणि तुटतो. तुमचा तसाच तुटला. तेव्हा पहिलं काम फिरवायचं नाही, मोकळा करायचं.

तारेच्या ब्रशने मुळाशी साफ करा, चांगलं पेनेट्रेटिंग, म्हणजे गंजात झिरपणारं ऑइल मारा, आणि स्टडच्या टोकावर छोट्या हातोडीने सरळ टकटक करा, जोरात नाही, वाकवायचा नाहीये. संध्याकाळी मारा, रात्री झोपताना परत मारा, सकाळी परत. घाई असली तरी दोन दिवस गाडी सोडून बसने जा, पण हे टाळू नका.

मग उष्णता. इथे बहुतेक लोक उलटं करतात, गॅसचा टॉर्च थेट स्टडवर धरतात. तापवायचं ते स्टडच्या भोवतीचं हेड. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून हेड तापलं की भोक स्टडपेक्षा जास्त मोठं होतं. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढाच असतो पण गच्च बसलेली पूड फुटायला तेवढा पुरतो. साधा गॅसचा ब्लो टॉर्च बास झाला, पाण्याचा थेंब टाकला की चर्रकन उडाला पाहिजे, एवढंच तापवा. ॲल्युमिनियम वितळायच्या आधी लाल होत नाही, काही इशारा न देता एकदम बसतं, म्हणून रंगाची वाट बघू नका. आणि आधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवायची, स्प्रेचा डबाही, आणि कालचं मारलेलं ऑइल कापडाने पुसून घ्यायचं. गरम असतानाच स्टडच्या मुळाशी साध्या मेणबत्तीचं टोक लावा, मेण पातळ होऊन आट्यांत ओढलं जातं. ऐकायला गावठी वाटतं पण जुने फिटर लोक हे करत आलेत आणि काम देतं.

आता हत्यार. दोन नट एकमेकांवर आवळून खालच्या नटाने फिरवायची पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण ६ एमएम जाडीच्या स्टडचा एकेक नट पाच एमएम उंच, दोन बसवायला दहा पाहिजेत, तुमचा स्टड बाहेर सहाच आहे, शिवाय टोकाचे आटे तुटताना पिळलेले असणार. तेव्हा ती बाद. व्हाईस ग्रिप, म्हणजे दाबून लॉक होणारी पक्कड, घट्ट आवळून लावता येते, पण चांगल्या कंपनीची, दाते शाबूत असलेली. झिजलेली असेल तर स्टड गुळगुळीत करून ठेवेल आणि मग पुढच्या हत्यारालाही काही धरता येणार नाही. साधी पक्कड तर हातातही घेऊ नका. स्टड एक्स्ट्रॅक्टर म्हणून सॉकेटसारखा एक प्रकार मिळतो, आत तीन रोलर असतात, उलटं फिरवलं की ते स्टडला चावतात आणि जितका जोर लावाल तितके जास्त आवळतात. हा सगळ्यात बरा, फक्त सहा एमएममध्ये पूर्ण पकडेल की नाही ते बसवून बघावं लागेल.

यातलं काहीच नाही जमलं तर सीओटू वेल्डिंगवाला (गॅसखाली वायरने वेल्ड करणारा) गाठा. स्टडच्या तुकड्यावर एक नट ठेवायचा, एक साइज मोठा घेतला तरी चालतो, आणि नटाच्या भोकातून आत वेल्ड भरायचं. पोलादाचं वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे हेडची भीती नाही. आणि यात दोन कामं होतात, धरायला ताजा कोरा नट मिळतो आणि स्टड आतून लालबुंद तापून परत आकसतो, त्यात गंजाची पकड तुटते. लाली गेली की मिनिट-दोन मिनिटं थांबून पाना लावा आणि एकदम काढायला जाऊ नका. थोडं सोडायच्या दिशेने, थोडं आवळायच्या, परत सोडायच्या, ऑइल टाकत. कर्र असा आवाज आला की समजा हलला. पहिल्या नटाचं वेल्ड तुटलं तर दुसरा लावा, तिसरा लावा, हरकत नाही, त्यात हेडचं काही जात नाही. साध्या रॉडच्या वेल्डिंगनेही होतं पण एवढ्याशा नटात स्लॅग (वेल्डची मळी) अडकतो आणि जोड कच्चा राहतो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, सीडीआयचं (इग्निशनच्या डबीचं) कनेक्टरही. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर ईसीयूचं (गाडीच्या कॉम्प्युटरचं) कनेक्टर काढल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगीसुद्धा पडू देऊ नका. अर्थिंगचा चिमटा हेडलाच लावायचा, चासीला कुठेतरी लांब नाही.

प्रश्न: काका, डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डचा ८ एमएमचा स्टड हेडच्या पातळीला तुटला. लेथवाल्याने भोक पाडून इझी-आउट टाकलं तर तेच आत तुटलं, आता ड्रिल चालत नाही, नुसतं घसरतं. उसाला पाणी द्यायचंय, इंजिन बंद पडलंय. (तासगाव)

उत्तर: दादा, हे आता नेहमीचं झालंय, आणि यात दोष हत्याराचा कमी, ते कुठे वापरायचं याचा जास्त.

साधा हिशोब बघा. गोल दांडा पिळ किती सहन करतो हे त्याच्या व्यासाच्या घनावर ठरतं. जाडी निम्मी केली की ताकद आठवा हिस्सा राहते. तुमचा आठ एमएमचा अख्खा स्टड जो पिळ सोसू शकला नाही आणि तुटला, तोच पिळ त्याच्या पोटात घातलेल्या चार एमएमच्या काडीने सोसायचा? तिचं पोलाद जास्त कडक असतं हे खरं, पण कडक म्हणजे ठिसूळही, ती वाकत नाही, काच तुटावी तशी तुटते. त्यात नेहमीचं पिळाचं इझी-आउट निमुळतं असतं, आत शिरताना पाचरीसारखं स्टडला आतून फुगवतं, म्हणजे जो आधीच जाम आहे तो आणखी घट्ट बसतो. गंजून अडकलेल्या स्टडला हे लावणं म्हणजे तुटायची तारीख ठरवणं आहे. वापरायचंच असेल तर सरळ खाचांचं वापरावं, आणि तेही भोवतालचं तापवून स्टड मोकळा झाल्यावर.

आता झालं ते झालं. ड्रिल घसरतंय कारण साधं एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) बीट आणि इझी-आउट जवळपास सारखेच कडक, कोण कोणाला कापणार. जोर लावत राहिलात तर बीट बाजूच्या मऊ धातूत सरकेल आणि भोक वाकडं होईल, तेव्हा थांबा. पहिला प्रयत्न असा की टोकदार पंच इझी-आउटच्या डोक्यावर ठेवून हातोडीचे खटके द्या, ठिसूळ असल्याने कधी कधी तुकडे होऊन निघतं, चिमट्याने नाहीतर हवेच्या दाबाने बाहेर काढता येतं. गॉगल घाला, ते तुकडे डोळ्यात जातात. नाही तुटलं तर तुकड्यावर वॉशर आणि त्यावर नट ठेवून सीओटूने वेल्ड करून बघा. इथे मात्र एक सांभाळा, तुमचं हेड बिडाचं (ओतीव लोखंडाचं) आहे, वेल्ड बिडाला चिकटू शकतं, म्हणून मध्ये वॉशर ठेवायचाच आणि वेल्ड त्याच्या भोकातच राहू द्यायचं.

तेही नाही झालं तर हेड उतरवा आणि ईडीएमवाल्याकडे घेऊन जा. स्पार्क इरोजन म्हणतात त्याला, तांब्याचा इलेक्ट्रोड असतो, तेलाखाली ठिणग्या पाडून धातू कणाकणाने खातो, त्याला कडक-मऊ काही फरक पडत नाही, फक्त वीज वाहणारा धातू पाहिजे. साचे आणि डाय बनवणाऱ्या टूलरूममध्ये ही मशीन असते. तुम्हाला सांगली-मिरजेच्या एमआयडीसीत चौकशी करता येईल, नाहीतर कोल्हापूरला शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव. जाताना फोन करून विचारा की तुटलेला टॅप (आटे पाडायचं हत्यार) काढून देता का, बहुतेकांना हे काम माहीत असतं कारण त्यांच्याकडे रोज टॅप तुटतात. नवीन हेडपेक्षा नक्की स्वस्तात होईल.

हाच प्रकार ॲल्युमिनियमच्या सुट्या पार्टमध्ये झाला असता तर आणखी एक उपाय होता, तुरटीचा. घड्याळवाले पितळेच्या प्लेटमध्ये तुटलेला पोलादी स्क्रू असाच काढतात, तुरटीच्या गरम पाण्यात पार्ट बुडवून ठेवायचा, पोलाद हळूहळू विरघळत जातं आणि पितळाला, ॲल्युमिनियमला फारसं काही होत नाही. वेळ भरपूर लागतो, आणि पार्टला दुसरं काहीही लोखंडी लागलेलं नको, नाहीतर तेही जाईल. तुमच्या बिडाच्या हेडला हे अजिबात करू नका, बीड म्हणजे लोखंडच.

प्रश्न: नवीन बोल्ट आवळत होतो आणि जरा जास्त झाला बहुतेक, कट्ट करून तुटला. अर्धा आत राहिलाय, पातळीच्या खाली. आता तो पण वेल्डिंग करूनच काढायचा का? (नाशिक)

उत्तर: नाही हो, तुमचं काम सोपं आहे. आवळताना तुटलेला बोल्ट आणि सोडताना तुटलेला बोल्ट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमचा तुटला त्याच क्षणी वरचा ताण गेला, आतला तुकडा गंजलेला नाही, ठासलेला नाही, नुसता बसलाय. टोकदार पंचने कडेला उलट्या दिशेने हलके खटके द्या, बऱ्याचदा तेवढ्यानेच फिरत वर येतो. नाही आला तर उलट्या पिळाचं ड्रिल बीट मागवा, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळणार नाही, ऑनलाइन मिळतं. ड्रिल रिव्हर्समध्ये चालवायचं, भोक पडता पडताच तुकडा बिटाला धरून बाहेर येतो. इझी-आउट जर कुठे खरंच शोभत असेल तर ते इथेच.

आणि पुढच्या वेळी टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना. साध्या ८.८ ग्रेडच्या ६ एमएमच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर, ८ एमएमला २५ च्या आसपास, ॲल्युमिनियममध्ये जात असेल तर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आकडाच पाळा, तो बहुधा कमीच असतो. १० नंबरच्या पान्याला लांब पाईप लावून आवळणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं.

प्रश्न: पंक्चरवाल्याने हवेच्या गनने नट मारले, आता कारच्या पुढच्या चाकाचा एक नट नुसताच गोल फिरतोय, बाहेर येत नाही. चाकच निघत नाहीये, काय करावं? (ठाणे)

उत्तर: त्यात नटाबरोबर स्टडच फिरतोय. कारचे व्हील स्टड आटे लावून बसवलेले नसतात, मागून दाबून बसवलेले असतात, मानेला बारीक दाते असतात ते हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) रुततात. तिरका चढवलेला नट गनने मारला की नट जाम होतो आणि ते दाते खरवडले जातात. दुसरंही एक कारण असू शकतं, मारुती सुझुकीचे स्टड १२ एमएमचे पण १.२५ पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर), ह्युंदाई, होंडा, टोयोटाचे १२ आणि १.५ पिचचे. पंक्चरच्या दुकानात सगळे नट एकाच डब्यात असतात आणि चुकीचा नट दोन-तीन आटे जातो, मग अडकतो, मग गन.

बाकीचे नट सैल करून ठेवा, गाडी जॅकवर नीट टेकवा, खाली स्टँड लावा, आणि एकाने चाकामागून टॉमीने (लोखंडी दांड्याने) बाहेरच्या बाजूला दाब द्यायचा आणि दुसऱ्याने नट सोडायचा. दाबामुळे स्टडचं डोकं हबला घासून धरतं, कधी कधी तेवढं पुरतं. नाहीतर लोखंडी रिम असेल तर नट ग्राइंडरने उभा चिरून छिन्नीने फोडता येतो. अलॉय असेल तर नट खड्ड्यात असतो, ग्राइंडर जात नाही, मग स्टडच्या मधोमध ड्रिल मारत मोठं करत जाणं हाच मार्ग, वेळ लागतो. नवीन स्टड हातोडीने ठोकून बसवू देऊ नका, हबच्या बेअरिंगला मार बसतो. वॉशर आणि नट लावून ओढून बसवतात तो. आणि एक नट कमी ठेवून गाडी हायवेला काढू नका.

प्रश्न: काका, बाथरूममधला नळ बदलताना त्याचा आट्याचा भाग तुटून भिंतीतल्या एल्बोतच राहिला. प्लंबर म्हणतो टाइल फोडावी लागेल. खरंच का? (नागपूर)

उत्तर: ताई, टाइलला हात लावू देऊ नका. हा काही स्टड नाही पण जातकुळी तीच. अर्ध्या इंची निपल एक्स्ट्रॅक्टर नावाचं हत्यार प्लंबिंगच्या मोठ्या दुकानात मिळतं, आतून धरतं आणि उलटं फिरवलं की तुकडा बाहेर. वर मी इझी-आउटला एवढ्या शिव्या घातल्या, पण इथे आतून धरणारं हत्यारच बरोबर, कारण भोक मोठं आहे, हत्यार जाडजूड बसतं आणि पितळ गंजून ठासत नाही. हत्यार नाही मिळालं तर हॅकसॉचं नुसतं पातं हातात धरून तुकड्याला आतून दोन खाचा पाडायच्या, शेजारी शेजारी, आणि मधली पट्टी छोट्या छिन्नीने आत दुमडायची, मग सगळाच सैल होतो. खाच पाडताना एल्बोच्या आट्यांना पातं लागता कामा नये, शेवटचा थर अंदाजाने सोडायचा. आधी वरच्या टाकीचा कॉक बंद करा, हे सांगायला नको पण सांगतो.

प्रश्न: डब्ल्यूडी-४० चांगलं की डिझेल? आमच्याकडे सगळे डिझेलच टाकतात. (परभणी)

उत्तर: डिझेलने मळ सुटतो, गंजलेल्या आट्यात ते फार आत जात नाही. डब्ल्यूडी-४० मुळात १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवून गंज रोखायला बनवलं गेलं, जुनाट गंज सोडवणं हे त्याचं मुख्य काम नाही, तरी डिझेलपेक्षा बरं. त्याच कंपनीचं आणि इतरांचंही खास पेनेट्रंट वेगळं मिळतं, ते घ्या. घरी करायचं तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं, वापरताना प्रत्येक वेळी हलवायचं कारण ते वेगळं होतं, रंगावर सांडू द्यायचं नाही आणि जवळ बिडी-काडी नको. पण काय टाकलं यापेक्षा किती वेळ ठेवलं याला जास्त किंमत आहे, पाच मिनिटांत पाना लावणार असाल तर महागातलं ऑइलही फुकट.

प्रश्न: मी शेतीची अवजारं, बाईक घरीच बघतो. स्टडसाठी कोणती हत्यारं घेऊन ठेवू? बजेट कमी आहे. (अकोले, जि. अहिल्यानगर)

उत्तर: पहिला खर्च सहा कोनांच्या गोट्यांवर, म्हणजे सॉकेटवर करा. बारा कोनांची गोटी नटाचे कोपरे खाते, अर्ध्या स्टडची पुढे वाट लागते ती नट गोल झाल्यामुळेच. मग एक चांगली व्हाईस ग्रिप, गॅसचा छोटा टॉर्च, सेंटर पंच, आणि ६, ८, १० एमएमचे टॅप. टॅपसोबत त्याच्या मापाचं ड्रिल बीट हवं, ६ ला ५, ८ ला ६.८, १० ला ८.५, हे आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवा. रोलरवाला स्टड एक्स्ट्रॅक्टर पैसे आले की घ्या. स्वस्तातले इझी-आउटचे सेट बाजारात लटकवलेले असतात ते घेऊ नका. वेल्डिंग मशीन गावात कुणाकडे तरी असतंच. आणि परत बसवताना सायलेन्सरच्या स्टडला तांब्याचं अँटी-सीझ (आटे अडकू न देणारं) ग्रीस बोटभर लावा, नट पितळेचे मिळाले तर तेच लावा, पितळ पोलादाला धरून बसत नाही.

प्रश्न: मुलाच्या सायकलचं डावं पेडल कितीही जोर लावला तरी सुटत नाही, पाईप लावून बघितला. (पणजी)

उत्तर: पाईप काढा, तुम्ही ते आवळताय. डाव्या पेडलला उलटे आटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा म्हणजे सुटेल. आता बरंच आवळलं गेलं असेल, आधी ऑइल टाकून एक रात्र ठेवा.